रसूलभाईंची विहीर

ज्या माणसाच्या चुकीमुळे माझी मुलगी गेली, त्या माणसाविषयी मी आज लिहायला बसलो आहे. आमच्या पेठेत अजून दोन-चार म्हातारी माणसं आहेत, त्यांना रसूलभाईंचं नाव काढलेलं खपत नाही. मला मात्र त्यांचं नाव आता कुणी काढत नाही याचंच वाईट वाटतं. तसा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि तो माणूस आमच्या गावाला आलाच नसता तर बरं झालं असतं, असंही माझ्या मनात पुष्कळदा येऊन गेलं आहे. दोन्ही खरं आहे.

महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. मिरजेहून कोल्हापूरला जाणारी रेल्वे आमच्या शेजारून गेली आणि स्टेशन झालं, तोपर्यंत माळपेठ हे नाव म्हणजे निव्वळ थट्टा होती. माळ होता, पेठ नव्हती. स्टेशन झालं तशा गुळाच्या अडती आल्या, हमाल आले, बागवान, तांबोळी, शिंपी, कासार आले, आणि बघता बघता गावाचा तोंडवळा बदलला. माणसं वाढली, विहिरी मात्र तीनच राहिल्या. त्यातली एक शिमग्यालाच तळ दाखवायची. बायका डोक्यावर घागरी घेऊन मैलभर नदीला जायच्या. पुढं गावाला म्युनिसिपालटी मिळाली. तिच्या पहिल्या सभेत अध्यक्षांची खुर्ची कसली असावी यावर आमच्या शहाण्या सभासदांनी सबंध दुपार घालवली. मी शाळेचा हेडमास्तर, अक्षर बरं, म्हणून सभेचं टिपण लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. शेवटी एकदाचा दरबारकडं अर्ज गेला, आणि गावाच्या पाण्याची आखणी करायला कोल्हापूरहून ओव्हरसियर आले. तेच रसूलभाई.

चैत्राचं ऊन होतं. कुणी बूट-पाटलोणवाला साहेब उतरेल म्हणून पाटील हार घेऊन स्टेशनावर उभे. उतरला एक बुटका, सावळा, पन्नाशी उलटलेला माणूस. डोक्याला पटका, अंगात विटलेला काळा कोट, कानावर पेन्सिल. चढ-उतार मोजायच्या दुर्बिणीची लाकडी पेटी खांद्याला होती, ती त्यांनी हमालाच्या हातात दिली नाही. हार घेतला, पेटीवर ठेवला, आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, पाणी द्या. उन्हानं तहान लागली असेल म्हणून पाटलांनी गूळपाणी पुढं केलं, तर म्हणाले, हे नव्हे, विहिरींचं. मग तसेच तिन्ही विहिरींवर गेले. कोटाच्या खिशातून तांब्याचं फुलपात्र काढायचं, पाणी तोंडात धरायचं, डोळे मिटून उभं राहायचं. तिसऱ्या विहिरीवर डोळे उघडून म्हणाले, या पाण्यात तुमची डाळ शिजत नसेल. जमलेल्या बायका एकदम हसल्या, कारण त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायला अर्धा दिवस लागायचा. पाटलांना जे दोन वर्षांत जमलं नव्हतं ते रसूलभाईंनी पहिल्याच दिवशी केलं. बायका त्यांच्या बाजूच्या झाल्या.

अर्थात ते प्रेम दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच टिकलं. सकाळी स्वारी मोठ्या विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. कोटाचा उजवा खिसा चिंचोक्यांनी भरलेला, डावा रिकामा. एक घागर वर आली की एक चिंचोका उजवीकडून डावीकडं. किती घागरी निघतात आणि कोणत्या वेळी निघतात हे मोजल्याशिवाय टाकी केवढी बांधायची ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण बायकांच्या पाणवठ्यावर परका पुरुष ठाण मांडून बसला म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. पाटलांच्या दारात तक्रार गेली. पाटील धोतर सावरत आले. रसूलभाईंनी सगळं ऐकून घेतलं, उठले, आणि विहिरीकडं पाठ करून पुन्हा तिथंच बसले. कप्पी करकरली की चिंचोका. असे ते चार दिवस भिंतीकडं तोंड करून बसले होते. एक म्हातारी मागून म्हणाली, माझी घागर अर्धीच आहे, अर्धा चिंचोका टाका. त्यांनी मान न वळवता सांगितलं, आणखी एक अर्धी येऊ द्या, दोघींचा मिळून एक टाकतो.

ते मूळचे मुरगूडचे. घराणं गवंड्याचं. वडिलांनी चुना मळत आयुष्य काढलं आणि मुलाला शिकवलं. "पाण्याला उतार द्या, मग बघा" हे त्यांचं पालुपद होतं, आणि ते कुठंही लागू करायचे. माझ्या शाळेतला एक मुलगा काही केल्या पाढे म्हणेना, तर म्हणाले, मास्तर, उतार द्या. पाटलांच्या घरी सोयरीक अडली, तर तिथंही उतार द्या. कुणी हुज्जत घातली की ते आवाज चढवत नसत, खाली बसायचे आणि काडीनं मातीत चित्र काढून दाखवायचे. आमच्या गावात दोन शेतांपलीकडच्या माणसाशी बोलतानाही ओरडून बोलायची रीत. त्यामुळं हळू बोलणारा हा माणूस सुरुवातीला लोकांना आजारी वाटला होता.

घागरी मोजून झाल्या तसे ते वही घेऊन घरोघर फिरायला लागले. आज गावात किती माणसं आहेत ते पाटील सांगतील. पण अजून वीस-पंचवीस वर्षांनी किती असतील, ते त्यांना हवं होतं. मग प्रश्न कसले? घरात पाळणा हलतोय का. सुना किती आणायच्या आहेत. भाऊ वेगळे निघाले तर चुली किती होतील. शेवटचा प्रश्न ऐकून पुष्कळ घरांतले भाऊ एकमेकांकडं बघायचे. कमिटीला वाटत होतं, एवढा उपद्व्याप कशाला, आहे तेवढ्यापुरती टाकी बांधावी. सभेत तसं बोलणं निघालं तेव्हा रसूलभाई उठले. ते शब्द मी त्या दिवशी जसेच्या तसे उतरवून घेतले होते.

"तुमच्यासाठी टाकी बांधत न्हाय म्या. तुमास्नी नदीला जायाची सवय हाय की. जी अजून जल्माला आली न्हाईत त्येंच्यासाठी बांधतोय."

त्या दिवसांत ते आमच्या घरी जेवायला असायचे. बाहेरच्या सोप्यावर घोंगडं टाकून बसायचे. त्यांचं ताट वेगळं ठेवलेलं होतं, आणि जेवण झालं की ते स्वतःच धुऊन पालथं घालायचे. तेव्हाची रीतच तशी होती, असं म्हणून मला सुटता येईल, पण आज लिहिताना शरम वाटते. आमच्या घरात त्यांना कुणी साहेब म्हणत नसे. माझी बायको त्यांना भावजी म्हणायची आणि ते तिला वैनी. तिच्या हातचा झुणका आणि ठेचा असला की भाकरी मोजत नसत.

सुंद्रा आमची एकुलती एक, सहा वर्षांची. एकदा जेवणं झाल्यावर तिनं त्यांना विचारलं, तुमच्या वहीत मी आहे का? रसूलभाईंनी वही उघडली. म्हणाले, तू आहेस, पण तू तर लग्न होऊन जाणार. सुंद्राचं तोंड उतरलं. तेव्हा त्यांनी वहीतलं एक वेगळं पान तिला दाखवलं. त्यावर माहेरवाशिणींचा हिशेब होता. पंचमीला, दिवाळीला लेकी माहेरी येणार, पोरंबाळं घेऊन येणार, त्या आठ-पंधरा दिवसांत पाणी कमी पडता कामा नये, म्हणून त्यांनी टाकीचा एक थर वाढवला होता. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण गावातनं गेलेल्या मुलींचं पाणी धरून ठेवणारा हा एकच. त्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं आणखी एक रेघ ओढली आणि म्हणाले, ही तुझी.

आता विहिरीच्या जागेकडं यायला हवं. टाळून चालणार नाही.

गावाच्या कडेनं एक ओढा वाहतो. वरच्या माळावरून येतो, गावाला वळसा घालतो आणि खाली मैलभरावर नदीला मिळतो. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्यावर धुणं होतं, जनावरं बसतात, कातडी कमावायची कुंडं होती, आणि त्याच्याही खाली मसणवाट. रसूलभाईंनी जागा धरली ती गावाच्या वर अर्ध्या मैलावर, ओढ्याच्या काठाला. वरून येणारं पाणी स्वच्छ, घाण सगळी खाली. तिथं मोठी दगडी विहीर काढायची, ओढ्याच्या बाजूनं भिंतीत भोकं ठेवायची म्हणजे पाणी वाळूतून गाळून आत झिरपेल, चार मोटा लावून ते उंच टाकीत चढवायचं आणि लोखंडी नळांनी गावात आणायचं. नदीला मोठ्यात मोठा पूर किती येतो हे विचारून त्यांनी घाटावरची खूण पाहिली, आणि विहिरीचं तोंड तिच्याहून हातभर उंच धरलं. काही सोडलं नव्हतं. दुर्बिणीतून ओढ्याचा उतार पावलापावलाला मोजला होता.

जागेवर खुंट्या ठोकत होतो तेव्हा तायव्वा आली. ती नावाड्याची विधवा, नवरा पुरात नाव घालायचा. माहेर तिचं सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं. काठी टेकत खुंट्यांपाशी उभी राहिली आणि रसूलभाईंना म्हणाली, "आप्पा, हितं हीर काडू नगंस. आकाडात ह्यो वडा उलटा जातुय."

पाटील हसले. मी हसलो. रसूलभाईही हसले, पण मायेनं. ओढ्याला पाणी असं नव्हतंच, एक बारीकशी धार खाली चालली होती. त्यांनी तिला दाखवलं, अव्वा, हा उतार बघ, पाणी चढावर कसं जाईल? ती म्हणाली, "म्या नावंत बसून बगितलंय." आणि निघून गेली. संध्याकाळी टिपण लिहिताना तायव्वाचं बोलणं घालावं का, असा विचार माझ्या मनात क्षणभर आला होता. म्हातारीचं खुळ दरबारच्या कागदात कशाला, म्हणून सोडून दिलं. जागेबद्दल ग्रामस्थांची हरकत नाही, असं लिहिलं.

ज्यांना हे वाचून नवल वाटेल त्यांना एवढंच सांगतो की, पावसाळ्यात ओढा भरतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो कुणीकडून भरतो हे बघायला चिखलातून कोण जाणार? ते नावाड्यांनाच माहीत होतं. आणि रसूलभाई पडले डोंगराकडचे. तिकडं पूर येतो आणि धावत निघून जातो. आमच्याकडं नद्यांचे संगम तुंबतात, पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही, पाणी फुगत फुगत मागं येतं आणि ओढ्यांच्या तोंडातून आत शिरतं. चैत्रातल्या दुर्बिणीला हे दिसण्यासारखं नव्हतं.

विहीर झाली, टाकी झाली, नळ आले. पाणी सुटलं तरी दोन दिवस कुणी नळाला घागर लावली नाही. तोटीच्या आत चामड्याची चकती असते, अशी कुणीतरी आवई उठवली होती. रसूलभाई सगळ्यांत मोठ्यानं बोलणाऱ्या गृहस्थाला घेऊन विहिरीवर गेले आणि चालू मोटेपुढं उभं केलं. मोट कातड्याची, आणि ते गृहस्थ जन्मभर मोटेचंच पाणी पीत आलेले. काही बोलावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी नळ पाण्याच्या घागरींनी वेढलेला होता.

दोन वर्षं सुखात गेली. पाऊस बेताचा होता, नदी पात्रात होती. रसूलभाई मधूनमधून यायचे, नळावर उभे राहून बायकांची भांडणं ऐकायचे आणि खूश होऊन जायचे. नळावर भांडायला वेळ मिळतो म्हणजे नदीला जायचे हेलपाटे वाचले, असं त्यांचं गणित.

तिसऱ्या वर्षी आषाढात धो धो लागला तो थांबेना. नृसिंहवाडीला देवळात पाणी शिरलं, देव वर हलवले, अशी बातमी आली. आमचं गाव उंचावर, त्यामुळं आम्ही निर्धास्त. विहिरीचं तोंडही पाण्याच्या वर होतं. आठव्या दिवशी गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली. पहिल्यांदा स्टेशनाकडच्या आळीत, मग सगळीकडं. लोकांनी मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडला. कुणी म्हटलं हमालांनी रोग आणला, कुणी म्हटलं गुळाच्या ढेपांतून आला. नळाचा संशय कुणालाच आला नाही. उलट पावसापाण्याचं नदीला जावं लागत नाही म्हणून सगळे नळाचंच पाणी पीत होते.

सुंद्रा मंगळवारी सकाळी आजारी पडली आणि दिवेलागणीच्या आत गेली. याहून जास्त मला लिहायचं नाही.

रसूलभाईंना कोल्हापुरात कळलं तेव्हा रेल्वेच्या पुलाला पाणी लागून गाड्या बंद होत्या. ते रुळावरून चालत आले. गावात न येता थेट विहिरीवर गेले. कुणीतरी सांगितलं म्हणून मी तिकडं गेलो, तर ते ओढ्याच्या काठाला भिजत उभे होते. हातात कडब्याचं एक ताट होतं. त्याची पानं तोडून एकेक पाण्यावर टाकत होते. पान जरा वेळ जागच्या जागी फिरायचं आणि मग हळूहळू चढाकडं, विहिरीकडं सरकायचं. गावाच्या खालचं सगळं घेऊन ओढा वर चालला होता, आणि भिंतीतल्या त्या भोकांतून आत जात होता. रसूलभाईंनी पाच-सहा पानं टाकली. सगळी तशीच गेली. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सुंद्राचं त्यांना वाटेतच कळलं होतं.

टाकीची चावी त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली. लोक जमले, आधीच भेदरलेले, त्यात पाणी बंद म्हटल्यावर भडकले. कुणाचा तरी दगड त्यांच्या खांद्याला लागला. ते टाकीच्या पायरीवरून हलले नाहीत. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोठा झालेला मी ऐकला.

"ह्यात पटकी हाय. चूक माजी हाय. मला सांगितलं हुतं. तायव्वानं सांगितलं हुतं, आनि म्या हसलो."

पुढचे दहा दिवस ते घरोघर फिरून पाणी उकळायला लावत होते. पुष्कळ घरांनी त्यांच्या तोंडावर दार लावलं. ते पुढच्या दाराला जायचे. पटकी ओसरली तोवर गावातल्या बऱ्याच घरांत माणूस कमी झालं होतं. आमच्या घरी मात्र ते आले नाहीत. समोरच्या रस्त्यावरून जाताना मान खाली घालून जायचे.

चौकशी झाली. कोल्हापूरहून आलेले अधिकारी सज्जन होते. त्यांनी टिपणाची वही मागवली, हरकत नाही हे वाक्य वाचलं आणि म्हणाले, कोणी सूचना दिली नव्हती, मग ओव्हरसियरकडं दोष येत नाही. रसूलभाई नुसते गप्प बसले असते तरी पुरलं असतं. ते म्हणाले, सूचना दिली होती. जबाबात तसं लिहून घ्या म्हणून हट्ट धरला, खाली सही केली. नोकरी गेली.

त्या संध्याकाळी मी त्यांना स्टेशनावर गाठलं. माझ्या छातीवर जे ओझं होतं ते मला उतरवायचं होतं. म्हटलं, तायव्वाचं बोलणं मी टिपणात लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वर कुणीतरी वाचलं असतं, विचार केला असता. रसूलभाईंनी हातातली पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाले, "तुमी लिवलं असतं, तरी म्या वाचून पुन्यांदा हसलोच असतो, मास्तर." मला मोकळं करायला ते असं बोलले की खरंच त्यांना तसं वाटत होतं, हे मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर "उतार द्या" हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा दिसणार नाही. पण पुढच्या आषाढात ते आले. नोकरी नाही, हुकूम नाही, दुर्बिणीची पेटी सरकारजमा झालेली. एक पिशवी आणि एक रंगवलेली काठी. तायव्वाच्या खोपटात उतरले. उलटं पाणी ओढ्यात नक्की कुठवर चढतं, ते त्यांना शोधायचं होतं, म्हणजे त्याच्या वरच्या अंगाला नवी विहीर काढता येईल. पाऊस असो नसो, ते ओढ्याच्या काठानं चालायचे, पाणी थांबेल तिथं खुंटी ठोकायचे. शेजारी तायव्वा बसायची आणि कोणत्या पुरात नवऱ्याची नाव कुठवर गेली होती ते सांगायची. मी वही घेऊन जायचो. "अव्वा, तुमी सांगा. मास्तर लिवत्यात," असं ते म्हणायचे, आणि मी तिचा शब्दन् शब्द लिहून घ्यायचो. ती मधेच कानडीत शिरायची. तेही लिहायचो आणि मागाहून अर्थ विचारायचो.

गावातली पोरं त्यांना खुळा ओव्हरसियर म्हणायला लागली. पाटलांनी तर त्यांना गावात फिरकू देऊ नये असा ठरावच मांडला होता, पण तो लिहायचं काम माझ्याकडं होतं. मी सभेची वही सापडत नाही म्हणून सांगितलं.

माझी बायको त्यांच्याविषयी एक अक्षर बोलत नसे. ते रस्त्यावरून येताना दिसले की सोप्यावरचं हातातलं काम टाकून आत जायची. मी ओढ्यावर जाऊन आलो की माझे चिखलाचे पाय बघायची, पाणी द्यायची, विचारायची नाही. तिचं बरोबर आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. तिला विचारायचा धीर मात्र मला झाला नाही. एका छपराखाली राहून आम्ही सुंद्राचं नाव घ्यायचंच सोडून दिलं होतं.

असे चार आषाढ ते आले. पहिली तीन वर्षं पाऊस हलका होता, पाणी फारसं वर आलं नाही. खुंट्या मारून ते परत जायचे. चौथ्या वर्षी त्यांना दम्यानं घेरलं होतं, दोन पावलं चाललं की थांबायचे. त्याच वर्षी मोठा पूर आला. मी म्हटलं, तुम्ही खोपटात बसा, मी खूण करून येतो. ऐकलं नाही. मांड्यांपर्यंत पाण्यात उभे राहून दोन दिवस त्यांनी पाण्याची वाट पाहिली. माळाच्या उतरणीला काळ्या खडकाची एक पायरी आहे, तिथं येऊन पाणी थांबलं. अख्खा दिवस तिथंच होतं, मग ओसरायला लागलं. रसूलभाईंनी त्या जागी एक धोंडा लोटून घेतला, त्याच्यावर बसले आणि कितीतरी वेळ खोकत राहिले. "ह्येच्या वर काडा हीर," असं म्हणाले, आणि मी वहीत लिहून घेतलेलं दोनदा वाचून दाखवायला लावलं.

पाणी उतरून गाड्या सुरू झाल्या तसा त्यांना गाडीत बसवून द्यायला गेलो. कोट आता अंगाला सैल झाला होता. खिडकीशी बसून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मास्तर, वैनीस्नी सांगा..." पुढचं त्यांना सांगता येईना. गाडी सुटली. त्यांनी हात सोडला नाही, म्हणून मी चार पावलं गाडीबरोबर चाललो, आणि मग मीच सोडवून घेतला. वळणावर जाईपर्यंत पटक्याचं टोक खिडकीबाहेर दिसत होतं. त्यांचं ते शेवटचं दर्शन.

घरी आलो. बायको चुलीपुढं होती. पाठमोरीच म्हणाली, "भावजी जेवून गेलं का?"

चार वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याविषयी बोलली होती. मी म्हटलं, नाही, गाडीची वेळ झाली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, पुढच्या आषाढात आले की त्यांना घरी घेऊन या.

खुणेच्या धोंड्याच्या वर नवी विहीर मंजूर झाली. मी त्यांना पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. आषाढ लागला तसा मी दुपारच्या गाडीला रोज स्टेशनावर जाऊ लागलो. घरी झुणका होत होता. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांच्या मुलाचं कार्ड आलं. वडील माघ महिन्यात वारले, आपल्याला कळवायचं राहून गेलं, माफी असावी, एवढंच होतं.

मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "त्येंस्नी वाटलं असंल, मी रागावलीया."

मी विचारलं, नव्हतीस?

"सुंद्रा पाणी नगं म्हनत हुती त्या दिशी. वास येतोय म्हनाली. म्या म्हनलं, रसूलभावजींचं पाणी हाय, पी. आनि पाजलं."

हे तिनं मला तोवर सांगितलं नव्हतं. तिला ते त्यांनाच सांगायचं होतं.